सगळ्यात आधी आउट होणारी मुलगी: तिसरीच्या पी.टी.च्या तासाचं एक प्रकरण

तिसरीतली एक मुलगी, वय आठला टेकलेलं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचं पोट दुखायचं. सकाळी घरी नाही, मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर, म्हणजे बरोबर पी.टी.च्या पिरियडच्या आधी. वर्गाच्या बाईंनी आधी ओवा दिला, मग आईला फोन केला, आईने डॉक्टरला दाखवलं, जंताचं औषध झालं, तरी मंगळवार-शुक्रवार काही चुकेना. शेवटी बाईंच्याच लक्षात आलं की ह्या दुखण्याचं वेळापत्रकाशी काहीतरी नातं आहे, आणि गणपतीच्या सुट्ट्या संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "मॅडम तुम्ही एकदा येऊन बघता का हो, मला काही कळेना."

मी त्याच संस्थेच्या माध्यमिक विभागात शारीरिक शिक्षण शिकवते, सकाळच्या सत्रात. प्राथमिक दुपारी भरतं, त्यामुळे माझे तास संपल्यावर थांबून बघणं शक्य होतं. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यमाची, अनुदानित, नाव देत नाही. मुलीचंही देत नाही, तिला इथे चिऊ म्हणते. एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की प्राथमिकच्या बहुतेक वर्गांत एक तरी चिऊ असते आणि आपण "हिला खेळात इंटरेस्टच नाही" म्हणून तिला सोडून देतो. इंटरेस्ट आहे की नाही हे कळायला आधी तिला खेळायला तर मिळायला हवं ना, आणि तेच मिळत नसतं.

आता प्राथमिकला पी.टी. घेतं कोण हे सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरच्या वर असेल तर, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितलेत. पहिली ते पाचवीला तसं काही नाही. तिथे मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं असं लिहिलंय, पण शिकवायला वेगळा माणूस नाही. म्हणजे मराठी, गणित, परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईच शिट्टी गळ्यात अडकवून खाली उतरतात. डी.एड.ला शारीरिक शिक्षण हा विषय असतो, पण ४६ पोरं, दोन बॉल आणि ३५ मिनिटं ह्याचं गणित कसं सोडवायचं ते प्रत्यक्ष कोणी हाताला धरून शिकवत नाही. त्यामुळे ह्या प्रकरणात मी बाईंना अजिबात दोष देणार नाही, उलट एका पोरीच्या पोटदुखीचा आणि वेळापत्रकाचा संबंध त्यांनी लावला हीच मोठी गोष्ट होती, पुढचं सगळं त्यातून निघालं.

मी गेले आणि पायऱ्यांवर बसले, हातात स्टॉपवॉच. मी ठरवलंच होतं की वर्गाकडे बघायचं नाही, फक्त चिऊकडे बघायचं. वर्गाकडे बघितलं की सगळं छानच दिसतं, आरडाओरडा, धावपळ, पोरं खुश, वाटतं मस्त चाललंय. एकाच पोरावर नजर ठेवली की तास वेगळा दिसायला लागतो. आमचं ग्राउंड अर्धं पेव्हर ब्लॉकचं, अर्धं मातीचं, एका कडेला स्कूल व्हॅन उभ्या. पोरं दुसऱ्या मजल्यावरून रांगेने खाली येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. मग एक हात अंतर, सावधान-विश्राम, थोडी कवायत, त्यात अजून काही मिनिटं. मग खेळ. खेळ होता डॉजबॉल, आपला नेहमीचा, रिंगणात अर्धा वर्ग, बाहेरून बॉल मारायचा, लागला की आउट, आउट झालं की पाच उठाबशा काढायच्या आणि पायरीवर जाऊन बसायचं. उठाबशा शिक्षा म्हणून नव्हत्या हं, बाईंच्या मते तेवढाच व्यायाम.

चिऊ पहिल्याच राउंडला अर्ध्या मिनिटात आउट. उठाबशा, पायरी. राउंड संपेपर्यंत माझ्या बाजूलाच बसली होती, नखाने पायरीचं सिमेंट खरवडत. दुसऱ्या राउंडला पण पहिल्या दोघा-तिघांत. तास संपला तेव्हा घड्याळात तिचं खेळातलं पळणं जेमतेम दीड मिनिट होतं. नंतरच्या एका तासाला मी वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलावर घड्याळ लावलं, तो बारा मिनिटांच्या आसपास पळाला. तास तोच, खेळ तोच, बाई त्याच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय त्यात ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं आहे. रोज. आमच्याकडे आठवड्यात दोन पिरियड, त्यातला एखादा गणिताच्या पोर्शनमध्ये जातो आणि जो उरतो त्यात ह्या पोरीच्या वाट्याला दीड मिनिट. आणि ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्याला चुकवता येतं तो रिंगणात राहतो म्हणून त्याची चुकवण्याची प्रॅक्टिस होते, तो अजून चांगला होतो, आणि जिला येत नाही ती बाहेर बसते म्हणून तिला कधीच येणार नाही. बेरीज न येणाऱ्या पोराला आपण "तुला येत नाही ना, मग तू गणिताच्या तासाला बाहेर बस" म्हणतो का? पी.टी.ला मात्र नेमकं तेच चालतं आणि कोणालाच खटकत नाही.

चिऊशी बोलले. पोटाचं काहीच विचारलं नाही, नुसतं डॉजबॉल आवडतो का विचारलं. ती म्हणाली, "बाई मी आउट झाले ना की सगळे पहिली आली, पहिली आली असं ओरडतात." एवढंच बोलली आणि वेणीची रिबीन पिळत बसली.

आता खेळ बदलायच्या आधी पोरीचं नीट बघून घेणं गरजेचं होतं. डोळ्यांचा नंबर असू शकतो, दमा असू शकतो, एखाद्या पायात काही असू शकतं, आणि ते न बघता नुसते खेळ बदलत बसणं बरोबर नाही. डोळे तपासून घ्यायला सांगितले, आईने तपासून आणले, नॉर्मल. दम लागल्यावर छातीत घरघर वगैरे काही नाही. मग खेलो इंडियाच्या शाळांसाठीच्या फिटनेस तपासणीतल्या टेस्ट घेतल्या. पहिली ते तिसरीला त्यात उंची-वजनावरून बीएमआय, एका पायावर तोल धरायची फ्लेमिंगो टेस्ट आणि दोन चकत्यांवर हात आलटूनपालटून मारायची प्लेट टॅपिंग एवढंच असतं. फ्लेमिंगोमध्ये लाकडाच्या अरुंद पट्टीवर एका पायाने उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचं. प्लेट टॅपिंगला चिऊचा हात इतका भराभर चालला की बाई बघतच राहिल्या, म्हणजे मेंदूकडून हाताकडे निरोप जायला काही उशीर नव्हता. तोल मात्र सारखा जात होता. म्हटलं बूट काढ बघू. बूट काढल्यावर बराच फरक पडला, कारण बूट एक नंबर मोठे होते, वाढत्या पायाला म्हणून घेतलेले, आणि पेव्हरवर बारीक माती असली की पाय आतल्या आत सरकायचा. अशी मोठ्या बुटांची पोरं प्रत्येक वर्गात असतात, आईवडिलांचं चुकत नाही, दरवर्षी नवीन बूट कोणाला परवडतात. आम्ही आत जाड सोल टाकायला सांगितला आणि लेस घट्ट बांधायला शिकवलं, कारण तिसरीतल्या कितीतरी पोरांना लेस बांधताच येत नाही, गाठ मारलेलीच असते आणि बूट चपलेसारखा पायात सरकवायचा.

बाकी दोन गोष्टी दिसल्या. एक, सरळ पळायला ती ठीकठाक होती, पण थांबता आणि वळता येत नव्हतं. गुडघे ताठ ठेवून उभीच्या उभी पळायची, थांबायला चार-पाच पावलं घ्यायची. रिंगणात जो गुडघ्यात वाकतो आणि खाली बसकण घेऊन वळतो तोच टिकतो. दोन, बॉल आला की डोळे मिटून तोंड फिरवायची. लहानपणी सगळीच पोरं तसं करतात, हळूहळू जातं ते, पण एकदा का कडक रबरी बॉल तोंडावर बसला की पुढे कितीतरी दिवस जात नाही, आणि चिऊला तो दुसरीत बसला होता.

वयाचं पण बघितलं. पहिलीच्या प्रवेशाला आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. चिऊ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, तो चपळ मुलगा जानेवारीतला. बाकावर शेजारी बसतात पण दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि ह्या वयात वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंवर १९८५ साली एक अभ्यास आला होता, त्यात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले खेळाडू वरच्या लीगमध्ये खूप जास्त निघाले, मग बाकीच्या खेळांतही लोकांना तसंच दिसत गेलं. म्हणजे लहानपणी ज्याला आपण टॅलेंट म्हणतो त्यात बराचसा भाग नुसता वाढदिवसाचा असतो. वर्गशिक्षिकेकडे जन्मतारखा असतातच, एकदा त्या नजरेने यादी बघा, आउट होणाऱ्यांची नावं कुठे येतात ते.

चिऊच्या आईशी बोलणं झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दोघंही नोकरीला. आधी वागळे इस्टेटच्या बाजूला चाळीत राहायचे, चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून आता घोडबंदर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सातवा मजला. व्हॅनने शाळा, व्हॅनने घर. खाली पार्किंग, आणि बॉल खेळायला मनाई अशी पाटी. आई म्हणाली, "घरात दिवाणावरून उड्या मारते हो मॅडम, खालचे लोक तक्रार करतात म्हणून ओरडावं लागतं, नाहीतर चाळीत असताना सगळ्या पोरांमागे पळायची." मी विचारलं, तेव्हा पण आउट व्हायची का? तर म्हणाली, "नाही, तेव्हा कच्चं लिंबू होती ना."

ही कच्च्या लिंबाची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिलीय. मोठ्या पोरांत लहान पोर खेळायला आलं की ते कच्चं लिंबू, त्याला पकडलं तरी राज्य नाही, आउट नाही, पण पळायचं मात्र सगळ्यांबरोबर. कोणी मास्तरांनी शिकवलेली गोष्ट नाही ही, पोरांनीच काढलेली, आणि काय अक्कल आहे त्यात! जे शिकतंय त्याला खेळातून काढायचं नाही, खेळता खेळताच ते तयार होतं आणि मग एक दिवस स्वतःच म्हणतं की मी आता पक्का. चिऊचं चाळीतलं ते शिक्षण मध्येच तुटलं आणि शाळेत ते कुठे जोडलंच गेलं नाही. पण एक अडचण होती, तिसरीच्या वर्गात सगळ्यांसमोर एकटीलाच कच्चं लिंबू केलं असतं तर तिने शाळेतच यायचं सोडलं असतं. सूट द्यायची तर ती नियमातच हवी, सगळ्यांना सारखी.

म्हणून पहिला बदल एवढाच की आउट होऊन बसणं बंद. उठाबशाही बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, आणि बाईंच्या मनात शिक्षा नसली तरी पोरांच्या डोक्यात उठाबशा म्हणजे शिक्षाच असते. शिवाय ज्या व्यायामाला आपण हरण्याशी जोडतो तो मोठेपणी कोण हौसेने करेल? डॉजबॉलच्या जागी विषामृत आणलं. एकाने हात लावला की विष, जागच्या जागी थांबायचं, दुसऱ्याने येऊन हात लावला की अमृत, परत पळायचं. सोडवायची सोय खेळातच आहे, बाहेरून काही आणावं लागलं नाही. आम्ही त्यात थोडंसं घातलं, विष झालेल्याने नुसतं उभं न राहता एका पायावर तोल धरून थांबायचं, आणि अमृत द्यायला जाणाऱ्याने त्याच्याभोवती लंगडीने एक फेरी मारायची. म्हणजे चिऊला ज्याची गरज होती ते तोल धरणं आणि वळणं सगळ्या वर्गाला होत होतं, तिला वेगळं काढायची वेळच आली नाही.

पोरांनी लगेच तक्रार केली. "बाई मग जिंकलं कोण?" आणि हा प्रश्न खरा आहे, तो "सगळेच जिंकले" असं म्हणून उडवून लावू नये, पोरांना ते खोटं आहे हे कळतं. आम्ही चार गट केले आणि कोणत्या गटाने किती अमृत दिलं ते मोजायला लागलो. गंमत अशी झाली की तो चपळ मुलगा, जो आधी डॉजबॉलमध्ये शेवटपर्यंत टिकायचा, त्याला सगळ्यात जास्त अमृत द्यायचा नाद लागला. तो चिऊला सोडवायला धावायचा कारण ती लवकर विष व्हायची आणि तिला सोडवलं की पॉइंट. पहिली आली पहिली आली हे ओरडणं आपोआप बंद पडलं, कारण त्या खेळात पहिलं असं कोणी नसतंच.

चिऊचं घड्याळ तिथेच बदलायला लागलं. खाली उतरतानाचा वेळ वाचवायला बाईंनी एक युक्ती काढली, ती पूर्ण त्यांची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय पडला की खेळ सुरू, खाली येऊन परत रांग नाही, हजेरी वर्गातच.

मग पावसाने परत तोंड काढलं. सप्टेंबरमध्ये ठाण्यात हे असंच, दोन दिवस ऊन आणि तिसऱ्या दिवशी धो धो, पेव्हरवर शेवाळ, ग्राउंड बंद. एरवी अशा दिवशी पी.टी. म्हणजे वर्गात बसून शुद्धलेखन. आम्ही बाक भिंतीला लावले आणि तिथेच कॅचिंग घेतलं, कारण चिऊचा बॉलचा धाक घालवायला ही उत्तम संधी होती. बॉल आणलाच नाही. जुन्या ओढण्यांचे रुमालाएवढे तुकडे केले, जॉर्जेटच्या असतात ना त्या, वर फेकल्या की तरंगत तरंगत खाली येतात. प्रत्येकाच्या हातात एक. वर फेक, टाळी वाज, पकड. जमलं की दोन टाळ्या. ओढणी तोंडावर पडली तरी लागत नाही म्हणून डोळे उघडे राहतात, आणि हळू येते म्हणून नजर तिच्या मागे जायला शिकते, कॅच म्हणजे शेवटी तेच असतं. चिऊला पहिल्याच दिवशी चार टाळ्या जमल्या. मग फुगे, आणि मग मोज्यांचे बॉल. जुने मोजे घरून मागवले, आत चिंध्या भरून शिवून घेतले, एका आजींनीच डझनभर शिवून पाठवले. खर्च जवळपास नाही आणि दोघांत एक बॉल. पूर्वी पूर्ण वर्गाला दोन बॉल होते, त्यात चिऊच्या हाताला तासात एखाददा बॉल लागला तर लागला, आता प्रत्येक मिनिटाला कितीतरी वेळा. मला विचाराल तर प्राथमिकच्या पी.टी.त साहित्य महाग हवं असं काहीच नाही, भरपूर हवं. एका चांगल्या फुटबॉलपेक्षा वीस-पंचवीस मोज्यांचे बॉल कधीही घ्या.

आवाजाचा प्रॉब्लेम झाला. खालच्या मजल्यावर चौथीची घटक चाचणी होती आणि वर धडधड, मुख्याध्यापिका वर आल्या, साहजिकच आहे. त्यानंतर पावसाळी तासाला बूट काढायचे आणि खेकडा चाल, बेडूक बसकण, भिंतीला हात लावून खुर्ची असे आवाज न होणारे प्रकार. त्याने गुडघ्यात वाकायची सवय पण लागली, ती चिऊला हवीच होती.

ऑक्टोबरात ग्राउंड मोकळं झालं पण उन्हाने पेव्हर तापलेला. अशा उन्हात लहान मुलांना खेळवणं बरं नाही, म्हणून मातीच्या बाजूला झाडाच्या सावलीतच खेळायचं आणि मध्ये पाणी प्यायला सोडायचं हे पक्कं केलं. ह्याच दिवसांत तिरकी दोरी सुरू केली, आणि मला विचारलं तर ह्या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवलं ते ह्या दोरीने.

कल्पना माझी नाही. मुस्का मॉस्टन म्हणून शारीरिक शिक्षणातले मोठे शिक्षक होऊन गेले, १९६० च्या दशकात त्यांनी हे मांडलं. उंच उडीला आपण दोरी आडवी धरतो, सगळ्यांना एकच उंची, मग जो अडखळला तो बाद, दोरी वर, अजून काही बाद. मॉस्टन म्हणाले दोरी तिरकी धरा. एक टोक जमिनीवर, एक कमरेएवढं वर. आता ज्याला जिथून झेपेल तिथून त्याने उडी मारावी. बस, एवढंच. बाद कोणी नाही आणि सोपंही कोणाला नाही, कारण प्रत्येक जण स्वतःची जागा निवडतो. पोरांना मी एक शब्द सांगितला नाही की आता पुढे सरका. चिऊ पहिल्यांदा अगदी जमिनीवरच्या टोकाला, जिथे दोरी नुसती ओलांडता येते तिथे. दुसऱ्या फेरीला तिथेच. मग एक वीत पुढे. मग अजून थोडी, तिथे पाय अडकला, पडली, उठली, मागे गेली नाही, त्याच जागेवरून परत मारली. बाई माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. आणि तो चपळ मुलगा सगळ्यात उंच टोकाला जाऊन दहा वेळा पडला, त्याला आयुष्यात पहिल्यांदा पी.टी.त काहीतरी कठीण मिळालं होतं.

हे मुद्दाम सांगते कारण त्याच मुलाच्या वडिलांची तक्रार आली होती. पालकसभेत ते म्हणाले की आउट करणं बंद केलं तर पोरांत स्पर्धेची वृत्ती कशी येणार, बाहेर जग किती कॉम्पिटिशनचं आहे. त्यांची काळजी खोटी नव्हती आणि मी स्वतः खो-खोच्या टीम जिल्हास्तरापर्यंत नेणारी बाई आहे, स्पर्धा मला नको असं कसं म्हणेन. मी त्यांना दोरीच्या उंच टोकाचं सांगितलं. पूर्वी तो डॉजबॉलमध्ये आपल्यापेक्षा कच्च्या पोरांना हरवून जिंकत होता, त्यात तो काय शिकत होता? आता तो रोज स्वतःला जड जाईल ते करतोय. ते एका तासाला येऊन बसले आणि नंतर काही बोलले नाहीत, मोज्यांचे चार बॉल मात्र पाठवले.

खो-खोचा विषय निघालाच आहे तर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीम जिंकल्या, दोन्हीचे कॅप्टन आपले महाराष्ट्रातले, प्रतीक वायकर आणि प्रियंका इंगळे. तेव्हापासून पोरांना खो-खोच हवा असतो आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पूर्ण खो-खो तिसरीला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पाठलाग करणारे नऊ, त्यातले आठ बसलेले, समोर पळणारे एका वेळी तीन. ४६ पोरांचा वर्ग असेल तर त्या क्षणी चार पोरं पळतात आणि बाकी सगळी बसून ओरडतात. आम्ही ग्राउंडवर चुन्याने आखून छोटे छोटे खो-खो केले, बसणारे चार, पळणारा एक, एक-एक मिनिटाची पाळी, असे सात-आठ एका वेळी. नियम अर्धेच. खो द्यायचा, उठायचं, दिशा बदलायची नाही एवढं कळलं तरी पुष्कळ, बाकी पाचवीत मी शिकवीनच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पोटदुखी थांबली. घड्याळ परत लावलं तेव्हा चिऊची प्रत्यक्ष हालचाल चौदा-पंधरा मिनिटांवर होती, पूर्ण वर्गाचीच तेवढी होती. ती काही चपळ वगैरे झाली नाही. डोक्यावरून आलेला बॉल अजून पकडता येत नाही, अजून तोंड फिरतं. डिसेंबरच्या क्रीडा महोत्सवात पोत्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि लगेच दुसऱ्या शर्यतीसाठी रांगेत जाऊन उभी राहिली.

नंतर एका शुक्रवारी पोट परत दुखलं. आम्ही दोघी चक्रावलो. चौकशी केली तर बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि बदली शिक्षिका वर्गात आल्या आल्याच म्हणाल्या होत्या की आज मस्त डॉजबॉल खेळू. बाई परत आल्या, मंगळवारी विषामृत झालं, पोट ठीक. ह्याच्याहून स्पष्ट पुरावा मला कुठल्या टेस्टमधून मिळाला नसता, आणि त्यावरून हेही कळलं की हे एका बाईंच्या भरवशावर ठेवून चालणार नाही. म्हणून वर्गाच्या रजिस्टरमध्ये एक कागद चिकटवलाय, बदलीवर कोणीही आलं तरी वाचता येईल असा. त्यावर बसवून ठेवणारे खेळ घेऊ नयेत, मोज्यांचे बॉल मागच्या कपाटात आहेत, दोरी तिरकी धरावी आणि कॅप्टनला गडी निवडायला लावू नये, कारण त्यात शेवटी उरणारं पोर रोज तेच असतं, असं लिहिलंय.

पुढच्या जूनमध्ये चिऊ चौथीत जाईल, बाई बदलतील. चौथीच्या बाईंशी बोलणं झालंय. त्यांची काळजी अशी की चौथीपासून फिटनेस तपासणीत ५० मीटर आणि ६०० मीटर सुरू होतं, ते तर घ्यायलाच लागणार, आणि तिथे सगळ्यांसमोर कोणीतरी शेवटचं येणारच. ६०० मीटरची टेस्ट ही पळत-चालत करायची असते, मध्ये चाललं तरी चालतं, हे पोरांना आधी सांगितलंच जात नाही, ते सांगायचं असं ठरलं. आणि पूर्ण वर्गाला एकदम न सोडता सहा-सहाचे गट, प्रत्येकाची वेळ त्याच्या स्वतःच्या वहीत, फळ्यावर यादी नाही, तीन महिन्यांनी परत तीच टेस्ट आणि तुलना स्वतःच्या आधीच्या वेळेशी. जूनच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात घ्यायची आहे, पाऊस लागायच्या आत, स्टॉपवॉच माझं.